एलसॅटला १६९ आणि पहिल्या सेमला बी, मग दीड वर्षाची तयारी वाया गेली का?

"ताई, दीड वर्ष हिने दुसरं काहीच केलं नाही हो, आणि आता बी मायनस? कुठे चुकलं आमचं?" एका मुलीच्या आईचा हा मेसेज मला जानेवारीत आला, रात्री पावणेबाराला. मी इथे अमेरिकेत कॉलेजच्या मुलांसोबत काम करते, आणि लॉ स्कूलच्या पहिल्या सेमचे ग्रेड जानेवारीत लागतात त्यामुळे हा महिना माझ्याकडे दरवर्षी असाच जातो. प्रश्न शब्द बदलून तोच असतो. एलसॅटसाठी, म्हणजे लॉ स्कूलच्या अॅडमिशनच्या परीक्षेसाठी, जीव तोडून अभ्यास केला, स्कोअर आला, चांगलं कॉलेज मिळालं, मग ग्रेड का नाही आले? या मुलीची गोष्ट तिच्या परवानगीने लिहितेय, नाव लिहीत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत.

मुलगी दहा वर्षांची असताना हे कुटुंब इकडे आलं, त्यामुळे मराठी चांगलं बोलते, मला पहिल्याच दिवशी मावशी म्हणाली. एलसॅटची पहिली प्रॅक्टिस टेस्ट दिली तेव्हा स्कोअर होता १५२. म्हणजे अगदी मधला, कारण ही परीक्षा १२० ते १८० मध्ये मोजतात आणि साधारण निम्मी मुलं त्याच्या खालीच असतात. तिथून दीड वर्षात १६९. क्लास लावला, मग एकटीला शिकवणारा ट्यूटर, दोनदा परीक्षा दिली, कॉलेजं सगळ्यात वरचाच स्कोअर बघतात त्यामुळे पहिल्या वेळच्या १६४ चं काही वाटलं नाही. मनातलं कॉलेज मिळालं. आणि डिसेंबरच्या परीक्षेत टॉर्ट्सला (दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानाच्या भरपाईचा कायदा) बी, कॉन्ट्रॅक्ट्सला बी प्लस, सिव्हिल प्रोसीजरला बी मायनस. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तिच्या कॉलेजात कर्व्ह बी प्लसवर बांधलेला आहे, म्हणजे वर्गातला बरोबर मधला मुलगा बी प्लस घेऊन जातो, आणि ही त्याच्या खाली होती. पेपरवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, त्यामुळे प्रोफेसरचा राग वगैरे काही म्हणायची सोयच नाही.

पहिल्या भेटीत ती आली आणि बसल्याबसल्या म्हणाली, "मावशी, माझा स्कोअर खरा नव्हता. मी एकशे बावन्नचीच आहे, क्लासने मला एकशे एकोणसत्तरचा मुखवटा घालून दिला आणि आता तो गळून पडला." तिच्या आईचं म्हणणं बरोबर उलटं होतं, की एवढा स्कोअर आणणारी मुलगी हुशार आहेच, मग आता नक्की आळस करत असणार नाहीतर मित्रमैत्रिणी वाईट लागले असणार. मी दोघींचं ऐकून घेतलं आणि मला जाणवलं की दोघी भांडतायत पण खाली धरून ठेवलेली समजूत एकच आहे, ती म्हणजे स्कोअर हे ग्रेडचं वचन असतं. वचन मोडलं म्हणून एक स्वतःला खोटं ठरवतेय आणि दुसरी मुलीला आळशी. मला ती समजूतच सोडवायची होती, कारण ती तशीच राहिली असती तर दुसऱ्या सेमला या मुलीने पुस्तक उघडलंच नसतं.

आता एलसॅट आहे कशासाठी हे आधी बघू. ही परीक्षा १९४८ मध्ये सुरू झाली तीच मुळी या हेतूने, की पहिल्या वर्षाच्या ग्रेडचा थोडाफार अंदाज अॅडमिशनच्या आधी यावा. वकील म्हणून कोण कसा होईल हे सांगायचा दावा तेव्हाही नव्हता. आणि अंदाज खरंच येतो, हे मी ठामपणे सांगते, कारण काही लोक रागाच्या भरात म्हणतात की असल्या परीक्षांना काही अर्थ नसतो, तेही चूक आहे. परीक्षा घेणारी संस्था कॉलेजांकडून ग्रेड घेऊन वर्षानुवर्षं हे तपासते आणि स्कोअर आणि पहिल्या वर्षाचे ग्रेड यांचा संबंध मधल्या कॉलेजात साधारण ०.४ च्या आसपास निघतो, लॉ स्कूलच्या आधीच्या कॉलेजातल्या जीपीएपेक्षा, म्हणजे सरासरी ग्रेडपेक्षा, जास्त, आणि दोन्ही एकत्र धरले तर ०.५ च्या जवळपास. पूर्ण जुळलं तर १ आणि काहीच संबंध नसला तर शून्य. ०.४ चा वर्ग केला की येतात ०.१६, म्हणजे एका वर्गातल्या मुलांच्या ग्रेडमध्ये जो फरक दिसतो त्यातला जेमतेम सहावा हिस्सा स्कोअरवरून समजतो. बाकीचे पाच हिस्से दुसरीकडून येतात. हे मी कागदावर गोल काढून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ त्या गोलाकडे बघत होती.

त्यात अजून एक गोष्ट आहे जी आईवडिलांना कुणी सांगत नाही. तिच्या वर्गात बहुतेक सगळे १६६ ते १७१ मधले. एकाच चाळणीतून खाली पडलेले दाणे आहेत हे सगळे, आता त्यातला मोठा कुठला हे परत त्याच चाळणीला विचारून कसं कळणार? आणि एलसॅटचा रिपोर्ट येतो त्यावर स्कोअरसोबत एक पट्टा छापलेला असतो, तुमचा आकडा वर-खाली साधारण तीन गुणांनी हलू शकतो असं सांगणारा. म्हणजे तिचे १६९ आणि शेजारच्या बाकावरच्याचे १७१ यात परीक्षेच्याच हिशेबाने फारसा फरक नाही. कॉलेजात शिरायला तो फरक उपयोगी पडला असेल, पण वर्गात बसल्यावर सगळे पुन्हा एका रेषेवर येतात, आणि कर्व्ह असल्यामुळे त्यातल्या निम्म्यांना मधल्याच्या खाली जावंच लागतं. आयुष्यभर वरच्या दहात असलेली मुलं, त्यातली निम्मी एका सकाळी "मी मधल्याच्या खाली" म्हणून उठतात. हा धक्का केवढा असतो ते माझ्या खोलीत येऊन बसलं तर दिसेल.

पण एवढं सांगून तिचा प्रश्न सुटत नव्हता, कारण तिचा खरा प्रश्न होता की क्लास लावून मिळवलेला स्कोअर हा खरा असतो का. मग मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी तुझ्या जुन्या टेस्टचे हिशेब घेऊन ये, मला बघायचंय की १५२ चे १६९ कसे झाले.

ती सगळं घेऊन आली, एक्सेल शीट, रंग भरलेले, आणि दोन जाडजूड वह्या. हिशेब असा निघाला. पहिल्या टेस्टमध्ये ३३ चुका होत्या. लॉजिक गेम्समध्ये १२, लॉजिकल रीझनिंगमध्ये (छोटे युक्तिवाद तपासायचे प्रश्न) ११, वाचनाच्या उताऱ्यांत १०. शेवटी राहिल्या ११. गेम्समध्ये फक्त १, रीझनिंगमध्ये ४, आणि उताऱ्यांत ६. म्हणजे कमी झालेल्या २२ चुकांमधल्या निम्म्या एकट्या गेम्सच्या. गेम्स म्हणजे ते कोडं असायचं ना, सात माणसं सात खुर्च्या, अमुक तमुकच्या शेजारी बसत नाही, आकृती काढायची आणि उत्तरं शोधायची. सरावाने सगळ्यात पटकन सुधारणारा भाग तोच, हे क्लासवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. तिने परीक्षा दिली २०२३ मध्ये, त्यानंतर ऑगस्ट २०२४ पासून हा भाग परीक्षेतून काढूनच टाकला, त्याला कारण एका अंध विद्यार्थ्याच्या केसमध्ये २०१९ ला झालेली तडजोड, आकृती काढायला लावणारा भाग अंध मुलांवर अन्याय करतो असा मुद्दा होता आणि मला तो पूर्ण पटतो.

मी तिला खरं ते सांगितलं. म्हटलं, बघ, तुझ्या वाढीतला हा गेम्सचा भाग आहे तो तू कष्टाने मिळवलास, त्यात खोटं काही नाही, पण तो पहिल्या वर्षाच्या पुस्तकांत फारसा कामाला येत नाही, कारण खुर्च्यांवर माणसं तिथे कुणी बसवत नाही. रीझनिंगची वाढ मात्र थेट कामाची आहे. आणि वाचन, जे पहिल्या वर्षात रोज तीसचाळीस पानं करावं लागतं, ते तुझं सगळ्यात कमी सुधारलं. १६९ हा एकच आकडा दिसतो पण आत तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या सारख्या पुढे जात नाहीत.

ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे थोडा मुखवटा होता." मी म्हटलं, नाही गं, त्या दोन वह्या काय आहेत?

त्या वह्यांबद्दल मला सविस्तर लिहायचंय. चुकलेला प्रत्येक प्रश्न, आपण काय उत्तर दिलं, का दिलं, बरोबर कुठलं, आणि ते बरोबर का हे स्वतःच्या शब्दांत. टेस्ट झाली की उत्तरं न बघता घड्याळ बाजूला ठेवून पुन्हा सोडवायची, मग दोन्ही वेळची उत्तरं ताडून बघायची. एलसॅटची मुलं याला ब्लाइंड रिव्ह्यू म्हणतात. पन्नासच्या वर टेस्ट तिने अशा सोडवल्या होत्या. शिकण्याचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहायला लावलं की जास्त दिवस लक्षात राहतं, हे २००६ मधल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांनंतर तर फार पक्कं झालंय. आणि बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एलसॅटची तयारी करणाऱ्या मुलांचे मेंदूचे स्कॅन काढले होते, तीन महिन्यांत साधारण १०० तासांची तयारी, आणि तर्काच्या कामात येणाऱ्या भागांमधल्या जोडण्यांमध्ये बदल दिसला. यावरून ग्रेड वाढतात असं कुणी म्हणू नये, तो अभ्यास ग्रेडचा नव्हताच, पण तयारी म्हणजे नुसता वरवरचा रंग असतो हे म्हणणंही टिकत नाही.

मग मी विचारलं, अशी वही टॉर्ट्सची कुठेय?

नव्हती. एकही नव्हती. ऑगस्ट ते नोव्हेंबर ती रोज रात्री दीड वाजेपर्यंत केसबुक, म्हणजे कोर्टाच्या निकालांचं पाठ्यपुस्तक, वाचत होती, प्रत्येक केसचा सारांश चार रंगांत, कारण वर्गात कोल्ड कॉल होतो, प्रोफेसर अचानक नाव घेऊन उभं केल्यासारखं विचारतात आणि सगळ्यांसमोर अडखळायची भीती वाटते. ती भीती मला समजते. पण तिच्या वर्गातल्या बोलण्याला मार्क जवळजवळ नव्हतेच, सगळे मार्क डिसेंबरच्या एका पेपरला. आउटलाइन, म्हणजे सगळ्या विषयाचा स्वतः बांधलेला सांगाडा, तिने थॅंक्सगिव्हिंगनंतर, म्हणजे नोव्हेंबर संपताना, सुरू केली, तीही सीनियरची घेऊन. आणि प्रोफेसरचे जुने पेपर लायब्ररीत ठेवलेले होते त्यातला पहिला तिने सोडवला परीक्षेच्या चार दिवस आधी, तोही नुसता वाचला आणि मॉडेल उत्तर बघून "हो, हे मला येतं" म्हणाली. ज्या मुलीने एलसॅटला पन्नास टेस्ट दिल्या तिने टॉर्ट्सला एक पण पूर्ण लिहिली नाही. हे मी तिला रागावून नाही सांगितलं, तिनेच मोजलं आणि ती रडली, आणि मला वाटतं ते रडणं बरं वाटल्याचं होतं, कारण "मी मुळातच कमी आहे" यापेक्षा "मी हे केलंच नाही" हे सहन करायला सोपं असतं.

तिसऱ्या भेटीला ती टॉर्ट्सचा पेपर घेऊन आली, ऑफिस अवर्समध्ये जाऊन मागितला होता. मी वकील नाही, पण इतक्या वर्षांत असे बरेच पेपर मुलांसोबत बसून बघितलेत. प्रश्न साधारण असा होता (मी बदलून सांगतेय). एका घरमालकाकडे त्याचा मित्र जेवायला येतो, जिन्यावरचा दिवा आठवडाभर बंद आहे, घरमालकाला माहितीये, मित्र फोन बघत उतरतो आणि पडतो, मग शेजारी त्याला उचलायला जातो आणि त्यात मित्राचा हात अजून मोडतो. हिने काय लिहिलं, तर घरमालक जबाबदार, कारण दिवा माहीत असून दुरुस्त केला नाही. अर्ध्या पानात संपवलं आणि पुढच्या प्रश्नाला गेली. उत्तर चूक नव्हतं! पण प्रोफेसरने समासात तीन ठिकाणी एकच लिहिलं होतं, दुसरी बाजू काय म्हणेल?

आलेला मित्र हा कायद्याच्या जुन्या वर्गवारीत गिऱ्हाइकासारखा नसतो, त्याच्याबाबत घरमालकाची जबाबदारी कमी असते, तर ती इथे किती? दिवा बंद आहे हे मित्राला डोळ्यांनी दिसत होतं, मग वेगळी सूचना द्यायची गरज होती का? मित्र फोन बघत होता, तर त्याची स्वतःची चूक किती आणि त्याने भरपाई किती कमी व्हावी? आणि शेजाऱ्याने वाढवलेली दुखापत घरमालकाच्या खात्यात जाते का? मार्क या प्रश्नांना होते. एलसॅटमध्ये पाच पर्यायांतले चार मारायचे आणि एक धरायचा, दीड मिनिटाच्या आत. ती सवय तिच्या हातात इतकी भिनली होती की उत्तर सापडलं की ती थांबत होती. लॉ स्कूलचा पेपर मुद्दाम असा काढलेला असतो की एक उत्तर नसतंच, दोन्हीकडून लढवून दाखवावं लागतं.

आणि इथे मला ती वही पुन्हा उघडावीशी वाटली. रीझनिंगमध्ये एक प्रकार असतो, दिलेला युक्तिवाद कशाने कमकुवत होईल ते शोधा. त्या प्रकारात हिच्या शेवटच्या दहा टेस्टमध्ये चुका जवळजवळ शून्य. मी तिला तिचंच टॉर्ट्सचं उत्तर पुढे ठेवलं आणि म्हटलं, हा एलसॅटचा युक्तिवाद आहे असं समज, याला पाड. तिने पेन घेतलं आणि दहा मिनिटांत सहा मुद्दे काढले, त्यातले चार प्रोफेसरच्या मॉडेल उत्तरात होते. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे तर मला येत होतं."

हो, येत होतं. दीड वर्षाच्या तयारीतून आलं होतं. फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं की ते इथे वापरायचंय, आणि ते आपोआप एका ठिकाणाहून दुसरीकडे जात नाही.

आईशी मी वेगळं बोलले. त्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, २००४ मध्ये विल्यम हेंडरसन नावाच्या लॉच्या प्रोफेसरांनी दाखवलं होतं की एलसॅटचा स्कोअर वर्गात घड्याळ लावून घेतलेल्या पेपरच्या ग्रेडशी जास्त जुळतो, घरी नेऊन लिहायच्या पेपरशी किंवा निबंधांशी त्यापेक्षा कमी, म्हणजे त्या जुळण्यात वेगाचा वाटा बराच आहे. दुसरं, बर्कलीच्याच शुल्ट्झ आणि झेडेक या दोघा संशोधकांनी चांगल्या वकिलाला लागणारी २६ कौशल्यं काढली, अशिलाचं ऐकून घेणं, वाटाघाटी, लिहिणं वगैरे, आणि त्यातल्या बहुतेकांबद्दल एलसॅट फारसं काही सांगू शकली नाही. आई थोड्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मग मी नातेवाइकांना तो आकडा सांगायलाच नको होता." मी म्हटलं, आकडा तिने कमावलाय, सांगा की, पण आता तिला घरी आली की ग्रेडबद्दल पहिलं वाक्य बोलू नका, आधी जेवलीस का विचारा. त्यांनी ते केलं असं मुलगी नंतर म्हणाली.

त्याच आठवड्यात माझ्याकडे एक मुलगा होता, स्कोअर १५८, त्याच्या कॉलेजच्या मीडियनपेक्षा, म्हणजे मधल्या स्कोअरपेक्षा, चारने कमी, आणि त्याला वाटत होतं आपण शेवटून पहिले येणार. तो ऑक्टोबरपासून दर शनिवारी एक जुना प्रश्न घड्याळ लावून लिहीत होता आणि दोन मित्रांना वाचायला देत होता, भीतीपोटी का होईना. त्याचे ग्रेड मीडियनच्या वर आले. एका मुलावरून नियम काढायचा नसतो, मी काढतही नाहीये. पण मी त्या दोघांचे कॅलेंडर शेजारी ठेवून बघितले तर एलसॅटच्या तयारीचे तास हिचे तिप्पट, आणि पहिल्या सेमला लिहून केलेल्या सरावाचे तास त्याचे कितीतरी जास्त.

आणि ज्यांची मुलं आत्ता तयारी करतायत ते विचारतात की किती महिने करू द्यायची, त्यांना मी एवढंच विचारते की मुलगा टेस्टनंतर काय करतो? स्कोअर बघून पुढची टेस्ट लावत असेल तर दोन वर्षं पण कमी पडतील. चूक का झाली हे लिहून काढत असेल आणि सहासात टेस्ट आकडा हलत नसेल तर बहुतेक त्याची तयारी झालीये, परीक्षा देऊ दे. अजून चार गुणांसाठी वर्ष थांबवायचं असेल तर ते कॉलेजसाठी आणि स्कॉलरशिपसाठी थांबवा, त्या दोन्हींना स्कोअर खरोखर लागतो. ग्रेडसाठी म्हणून थांबवू नका. मधल्या वेळात मुलाला लांब, कंटाळवाणं, अवघड वाचायची सवय लागली तर ती पुढे जास्त उपयोगी पडेल असं माझं मत आहे.

दुसऱ्या सेमला तिने फेब्रुवारीतच आउटलाइन बांधायला घेतली, स्वतःची. केसचे रंगीत सारांश बंद केले, समासात दोन ओळी, बस. दर रविवारी एक जुना प्रश्न, घड्याळ लावून, आणि मग तीच जुनी पद्धत, उत्तर न बघता परत, आणि स्वतःच्या उत्तराला दुसऱ्या बाजूने पाडायचं. नवीन वही केली, पहिल्या पानावर तारीख आणि "टॉर्ट्स, डिसेंबरचा पेपर" लिहून आधी तोच सोडवला. दोनदा कोल्ड कॉलला अडखळली, एकदा वर्ग संपल्यावर मला फोन करून पंधरा मिनिटं त्यावरच बोलली, पण पुन्हा रात्री दीडपर्यंत जागायला गेली नाही.

जूनमध्ये ग्रेड लागले. प्रॉपर्टीला ए मायनस, क्रिमिनल लॉला बी प्लस, लीगल रायटिंगला बी प्लस. कॉन्स्टिट्यूशनल लॉ बी वरच राहिला, आणि या वेळी मेसेज आईचा नाही, तिचा आला, दुपारी, की प्रोफेसर सुट्टीवर जायच्या आत पेपर बघायची वेळ घेतलीये, मंगळवारी दहा वाजता.